सीआरजेवरून ७५७ वर जाताना: 'खेळणे' कोणते आणि 'खरे विमान' कोणते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुम्ही गेली अडीच वर्षे अमेरिकेतल्या एका प्रादेशिक विमान कंपनीत सीआरजे-२०० आणि सीआरजे-९०० या लहान प्रवासी जेट विमानांवर (यांनाच रिजनल जेट म्हणतात) फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहात. आता मोठ्या कंपनीकडून बोलावणे आले आहे आणि प्रशिक्षण वर्गाच्या पहिल्याच दिवशी बोइंग ७३७ की ७५७/७६७ अशी पसंती सांगावी लागणार आहे. तुमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात की रिजनल जेट म्हणजे खेळणे, खरे उड्डाण शिकायचे तर जुन्या, जड विमानावरच. दुसरे म्हणतात की ज्याने सीआरजे-२०० नीट उडवले त्याला पुढचे कुठलेही विमान सोपेच वाटते. या दोघांपैकी खरे कोण, असे तुम्ही विचारले आहे.

मला विचाराल तर दोघेही लहान-मोठे आणि जुने-नवे या मापाने मोजत आहेत, आणि ते मापच इथे फारसे उपयोगाचे नाही. विमान किती टनांचे आहे यापेक्षा त्याच्या रचनाकारांनी कोणते काम यंत्राकडे दिले आणि कोणते वैमानिकाच्या हातात ठेवले, इंजिने कुठे बसवली आणि पंखाला पुढच्या काठाशी स्लॅट (कमी गतीतही उचल टिकवणाऱ्या सरकत्या पट्ट्या) दिले की नाही, यावर तुमचा दिवस कसा जाणार हे अधिक ठरते. मी २००४ ते २०१४ सीआरजेवर होतो, त्यांपैकी शेवटची सात वर्षे कॅप्टन म्हणून. नंतर सहा वर्षे एमडी-८८ या जुन्या, लांब विमानावर फर्स्ट ऑफिसर, आणि २०२० मध्ये ती विमाने ताफ्यातून गेल्यावर ७५७/७६७ वर. त्यामुळे पुढे जे लिहितो ते या तीन कॉकपिटपुरतेच आहे. ७३७ वर मी कधी बसलेलो नाही, त्याबद्दल त्यावरच्या माणसाला विचारा. तुमचा तळ कुठे असेल, घर कुठे आहे, वर्गात तुमची ज्येष्ठता काय लागेल, यांवरही बरेच अवलंबून आहे. त्याकडे शेवटी येतो.

भारतातल्या वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे दोनशे तासांचा व्यावसायिक परवाना आणि टाइप रेटिंग (एका विशिष्ट जातीचे विमान उडवण्याची पात्रता) घेऊन मुले थेट एअरबस ए३२० च्या उजव्या आसनावर बसतात, त्यामुळे 'आधी लहान, मग मोठे' ही पायरी अनेकांना परकी वाटते. कोल्हापूर किंवा नांदेडहून स्टार एअरच्या एम्ब्रेअर विमानाने गेलेल्यांनी रिजनल जेट पाहिलेले असते. पण अमेरिकेत ही विमाने वेगळ्याच व्यवस्थेचा भाग आहेत. तिथे मोठ्या कंपन्या आपल्या रंगातली लहान विमाने दुसऱ्या कंपन्यांकडून उडवून घेतात, आणि वैमानिक संघटनांच्या करारांतल्या अटींनी अशा विमानांना सर्वसाधारणपणे ७६ आसने आणि ८६,००० पौंड, म्हणजे सुमारे ३९ टन, अशी मर्यादा घातलेली आहे. म्हणून अमेरिकेत 'रिजनल जेट' हा शब्द विमानाच्या जातीइतकाच करारातल्या त्या रेघेचाही आहे. २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचे क्यू४०० पडून ५० माणसे गेली, त्यानंतर २०१० चा कायदा आला आणि २०१३ पासून फर्स्ट ऑफिसरलाही साधारणपणे १५०० तास लागू लागले. (त्या दोन्ही वैमानिकांकडे १५०० पेक्षा जास्त तास होते, हे मात्र चर्चेत फारसे कुणी सांगत नाही.) मी सहाशे-साडेसहाशे तासांवर लागलो होतो, आज ते शक्य नाही.

आता मूळ मुद्दा. सीआरजे-२०० हे विमान चॅलेंजर या व्यावसायिक जेटवरून वाढवलेले आहे, आणि त्याच्या स्वभावात ते मूळ अजून दिसते. पन्नास प्रवासी, जास्तीत जास्त सुमारे २४ टन वजन, मागे धडाला चिकटून दोन इंजिने, समोर सहा पडदे. बाहेरून पाहणाऱ्याला ते पडदे बघून वाटते की सगळे आपोआप चालत असेल. प्रत्यक्षात त्यात ऑटोथ्रॉटल नाही, म्हणजे उड्डाणापासून उतरेपर्यंत इंजिनाची ताकद तुमच्या हातानेच कमी-जास्त व्हायची. २०० च्या इंजिनांना ९०० सारखे पूर्ण संगणकीय नियंत्रणही नाही. वर चढताना हवा विरळ होत जाते तसे एन-१ चे, म्हणजे इंजिनाच्या पंख्याच्या फेऱ्यांचे, आकडे सरकतात, आणि तुम्ही बोटभर, अर्धे बोट लिव्हर हलवत राहता. एटीसीशी (हवाई वाहतूक नियंत्रकांशी) बोलता बोलता ते राहून गेले की आकडा खुणेच्या पुढे गेलेला असतो. खाली उतरताना काय उंचीवर असायला हवे ते पडद्यावर एक छोटी चांदणी दाखवते, तिला आम्ही सगळे 'स्नोफ्लेक' म्हणत असू. पण ती नुसती दाखवते. ऑटोपायलट तिच्यामागून जात नाही. उतरणीचा दर निवडायचा तुम्ही, गती सांभाळायची तुम्ही, आणि चुकले तर स्पॉयलर (पंखावरच्या, उचल आणि गती मोडणाऱ्या पट्ट्या) उचलायचे तेही तुम्हीच.

यामुळे सीआरजेवाल्या माणसाच्या डोक्यात एक गणित कायम चालू असते. तुम्हीही ते करत असणार, पण उलगडून लिहितो. चौतीस हजारांवरून चार हजारांवर यायचे, म्हणजे तीस हजार फूट. तिनाने गुणले की नव्वद नॉटिकल मैल. गती कमी करायला आणखी दहा. मागून वारा असेल तर त्याचे वेगळे. जमिनीवरची गती ४५० नॉट (तासाला तितके नॉटिकल मैल) असेल तर पाचाने गुणून मिनिटाला साधारण २२५० फूट. हे गणित प्रत्येक सेक्टरला, म्हणजे प्रत्येक उड्डाणाला, दिवसातून पाच वेळा, पावसात आणि भुकेल्या पोटी केलेले असले की ते अंगात मुरते. तुमचे दुसरे सहकारी जे म्हणतात त्यातला खरा भाग एवढाच आहे, आणि तो लहान नाही. एमडी-८८ वर आणि नंतर ७५७ वरही मला सर्वांत जास्त उपयोगी पडले ते हेच.

पण सीआरजेचा हाच हातखंडा उलटू शकतो. २००४ च्या १४ ऑक्टोबरला पिनॅकल एअरलाइन्सचे सीआरजे-२०० रिकामेच दुसऱ्या तळावर न्यायचे होते. दोघा वैमानिकांनी ते गंमत म्हणून ४१,००० फुटांवर नेले, जी त्या विमानाची प्रमाणित कमाल उंची आहे. चढताना त्यांनी ऑटोपायलटला गती धरायला न सांगता चढण्याचा दर धरायला सांगितला. तिथे इंजिनांकडे तेवढी ताकद शिल्लक नव्हती, म्हणून ऑटोपायलटने दर राखला आणि त्याची किंमत गतीतून वसूल केली. विमान स्टॉल झाले, म्हणजे पंखांची उचल गेली, दोन्ही इंजिने विझली, पुन्हा चालू झाली नाहीत, आणि मिसुरी राज्यातल्या जेफरसन सिटीजवळ दोघेही गेले. मी तेव्हा नुकताच सीआरजेवर आलो होतो. त्या हिवाळ्यात आमच्या प्रत्येक कॅप्टनने मला तीच गोष्ट सांगितली: वर असताना व्हर्टिकल स्पीडने चढायचे नाही, गतीने चढायचे. हे विमान खेळणे नव्हे, हे पटवायला मला आणखी काही लागत नाही.

दुसरी गोष्ट पंखाची. २०० ला स्लॅट नाहीत. ७०० आणि ९०० ला आहेत. तुम्ही दोन्ही उडवता म्हणून फरक तुम्हाला जाणवला असेलच: २०० चे फ्लॅप (पंखाच्या मागच्या काठाच्या पट्ट्या) ४५ अंशांवर आणले की ते नाक खाली करून येते, धावपट्टी समोरच्या काचेत भरून दिसते, आणि शेवटच्या क्षणी नाक उचलले नाही तर पुढचे चाक आधी टेकायची भीती असते. ९०० त्या मानाने सभ्यपणे येते. पण स्लॅट नसण्याचा खरा परिणाम थंडीत दिसतो. असा पंख पातळ दंवही सहन करत नाही. चीनमध्ये बाओटौ इथे २१ नोव्हेंबर २००४ ला एक सीआरजे-२०० उड्डाण करताच पडले, त्याचे कारण पंखावरचे दंव. रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या त्या विमानावर डीआइसिंग (दंव-बर्फ काढण्याची फवारणी) केलेले नव्हते. जमिनीवरची दोन माणसे धरून ५५ जण गेले. त्यामुळे सीआरजेच्या शाळेत शिकलेला माणूस सकाळी सहा वाजता पंखाबद्दल हट्टी असतो, आणि तो हट्ट मोठ्या विमानावर जाताना मागे ठेवू नका.

मला हे एमडी-८८ ने दुसऱ्या बाजूने शिकवले. त्याला स्लॅट आहेत, पंखही मोठा आहे, पण त्याची दोन्ही इंजिने पंखाच्या मुळामागे, शेपटीजवळ आहेत. लांबच्या उड्डाणानंतर पंखातल्या टाकीत उरलेले इंधन इतके थंड असते की दमट हवेत, अगदी शून्याच्या वर तापमान असतानाही, टाकीवरच्या पत्र्यावर काचेसारखे स्वच्छ बर्फ धरते, आणि उड्डाण होताना ते सुटले की सरळ इंजिनात जाते. २७ डिसेंबर १९९१ ला स्टॉकहोमहून निघालेल्या एमडी-८१ ची दोन्ही इंजिने अशीच गेली. कॅप्टनने विमान गोट्रोराजवळच्या शेतात उतरवले आणि १२९ पैकी सगळे वाचले. ते बर्फ डोळ्यांना दिसत नाही. म्हणून शिडी लावून, हातमोजा काढून, तळहाताने पंख चाचपायचा. पहिल्या हिवाळ्यात मी टॉर्चने पाहून 'स्वच्छ आहे' म्हणालो तेव्हा आमचे कॅप्टन काही न बोलता शिडी घेऊन आले आणि माझा हात धरून त्यांनी पंखावर ठेवला. ओल्या फरशीसारखे दिसणारे ते होते बोटभर जाडीचे बर्फ.

एमडी-८८ चा उल्लेख मी मुद्दाम जास्त करतो आहे, कारण तुमचे पहिले सहकारी ज्याला 'खरे विमान' म्हणतात त्याचा तो उत्तम नमुना होता. नाव ऐंशीच्या दशकातले, हाडे साठच्या दशकातल्या डीसी-९ ची. त्याच्या आडव्या शेपटीवरचे एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारे भाग) तुमच्या हातातल्या दांड्याशी सरळ जोडलेलेच नाहीत. दांडा ओढला की तारेने हलते ती एलिव्हेटरच्या काठावरची छोटी पट्टी, आणि त्या पट्टीवरून वाहणारी हवा एलिव्हेटर ढकलते. म्हणून विमान जमिनीवर उभे असताना मागून वारा आला की एक एलिव्हेटर वर आणि दुसरा खाली असे दिसते, आणि खिडकीतून पाहणारा एखादा प्रवासी घाबरून विचारतो. हवेत याचा अर्थ असा की तुम्ही हात हलवल्यापासून नाक हलेपर्यंत एक छोटासा विचार करण्याइतका वेळ जातो, आणि त्या वेळात नवशिका पुन्हा ओढतो. सीआरजेचे नियंत्रण हायड्रॉलिक आहे. ते लगेच ऐकते. पहिले दोन महिने मी एमडी-८८ उतरवताना वर-खाली डोलत येत असे.

आणि ते लांब होते. आपल्याला वाटते ७५७ मोठे म्हणजे टॅक्सी करायला तेच अवघड. पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर सीआरजे-२०० चे सुमारे ११.४ मीटर, ७५७-२०० चे १८.३, आणि एमडी-८८ चे २२ मीटर. माझ्या पहिल्या टॅक्सीच्या वेळी वळणाची पिवळी रेघ आली आणि मी सवयीने वळवायला लागलो, तेव्हा परीक्षक कॅप्टन म्हणाले, "अजून नाही. अजून नाही. आता तुम्ही गवतावर आहात असे वाटेल, तेव्हा वळवा." खाली पाहिले तर माझ्या आसनाखाली खरोखर गवत होते, चाक मात्र अजून डांबरावर होते.

त्यात ऑटोथ्रॉटल होते, हे सीआरजेवाल्यांना सांगितले की ते हसतात. ज्या विमानाला आम्ही संग्रहालय म्हणत होतो त्याच्याकडे, आणि ज्याला नवे जेट म्हणत होतो त्याच्याकडे नाही! ज्येष्ठ मंडळींचे 'जुने म्हणजे हाताने' हे समीकरण इथेच मोडते.

आता इंजिने कुठे आहेत याकडे या, कारण तुमच्यासाठी हा भाग सर्वांत कामाचा आहे. सीआरजे आणि एमडी-८८ यांत आकाराचा आणि वयाचा प्रचंड फरक असूनही दोघांची इंजिने मागे, धडाजवळ, आणि बरीच वर आहेत. दोघांची शेपटी टी आकाराची आहे. परिणामी एक इंजिन गेले तर विमान फारसे एका बाजूला ओढत नाही, आणि ताकद वाढवली की नाक किंचित खाली जाते. ७५७ ची इंजिने पंखाखाली, लांब आणि अतिशय ताकदीची. तिथे ताकद वाढवली की नाक वर जाते. हलके ७५७ घेऊन गो-अराउंड करताना (उतरणे सोडून पुन्हा वर जाताना) दोन्ही इंजिनांना पूर्ण ताकद दिली, तर नाक वर जाऊ नये म्हणून दांडा पुढे ढकलावा लागतो. माझ्या हाताला दहा वर्षे सीआरजेवर आणि सहा वर्षे एमडी-८८ वर याच्या उलट सवय होती. सिम्युलेटरमध्ये उड्डाणाच्या वेळी एक इंजिन बंद केले तेव्हा माझा पाय सीआरजेच्या मापाने रडरवर (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीच्या पेडलवर) गेला, आणि निम्माही पुरला नाही. त्यामुळे सीआरजेवरून एमडी-८८ वर जाणे हे मला भाषेतला उच्चार बदलल्यासारखे वाटले होते, तर ७५७ वर जाणे हे व्याकरण बदलल्यासारखे.

मागे इंजिने असण्याचा आणखी एक धडा जमिनीवरचा आहे. न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर ५ मार्च २०१५ ला बर्फाळ धावपट्टीवर एक एमडी-८८ उतरले, रिव्हर्स थ्रस्ट (थांबायला मदत करणारा इंजिनांचा उलटा जोर) प्रमाणाबाहेर लागला, रडरभोवतीचा हवेचा प्रवाह बिघडून तो निरुपयोगी झाला, आणि विमान डावीकडे सरकत फ्लशिंग बेच्या काठावरच्या बांधावर चढून थांबले. जीवितहानी झाली नाही. त्यानंतरच्या सिम्युलेटर सत्रांत आम्ही रिव्हर्सचा आकडा मर्यादेत ठेवून उतरण्याचा सराव घासून घासून केला. ७५७ वर ही अडचण अशा स्वरूपात नाही. तिथे बर्फावर तुम्हाला दुसऱ्या गोष्टी जपायच्या असतात.

७५७ बद्दल लोक उगीच भव्य बोलतात, पण ते पात्रही तसेच आहे. १९८२ मध्ये पहिल्यांदा उडाले, १,०५० बांधली गेली, २००४ मध्ये उत्पादन थांबले, आणि आजही उष्ण दिवशी, उंचावरच्या विमानतळावरून भरलेले विमान घेऊन निघायचे असेल तर मी तेच मागून घेईन. सर्वांत जड ७५७-२०० चे कमाल वजन सुमारे ११५ टन आहे, म्हणजे तुमच्या २०० च्या जवळजवळ पाचपट. तरी अंतिम टप्प्यातली गती बघा: प्रवाशांनी भरलेले सीआरजे-२०० साधारण १४० नॉटच्या आसपास येते, तर हलके ७५७ कधी कधी १३० च्याही आत. स्लॅट आणि मोठा पंख म्हणजे काय ते यात दिसते. उतरताना तुम्हाला गती कमी आहे असे वाटणार नाही, पण उंची फसवेल, कारण मागची चाके टेकतात तेव्हा तुमचे डोळे दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असतात. सीआरजेच्या अंदाजाने थांबलात तर विमान तुमच्या आधी उतरलेले असेल.

त्याचा पंख इतका सफाईदार आहे की ते एकाच वेळी खालीही येत नाही आणि सावकाशही होत नाही. दोघांपैकी एकच निवडावे लागते. सीआरजेवर एटीसीने उशिरा खाली सोडले तर आपण स्पॉयलर उचलून, नाक खाली करून वेळ मारून नेतो. ७५७ वर स्पॉयलर उचलले की आवाज आणि थरथर पुष्कळ होते, फरक त्या मानाने कमी. तेव्हा ते तिनाचे गणित दहा मैल आधी करायला लागा. यंत्र उतरणीचा मार्ग स्वतः काढते आणि स्वतः पाळते, पण एटीसीने तो मार्ग मोडला की पुन्हा हिशेब तुमच्याच डोक्यात व्हायचा असतो.

तुमच्यासारख्यांना खरी अडचण येते ती ऑटोथ्रॉटलची. ज्याच्याकडे ते कधी नव्हते, तो आधी त्याच्यावर अविश्वास ठेवतो आणि दोन महिन्यांनी गरजेपेक्षा जास्त विश्वास ठेवतो. ७५७ वर उंची बदलण्याच्या एका मोडमध्ये ते ताकद कमी करून 'थ्रॉटल होल्ड' दाखवत स्वस्थ बसते. त्या अवस्थेत गती घसरली तरी लिव्हर आपणहून पुढे येतील असे धरून चालू नका. माझा उपाय साधा आहे आणि तो सीआरजेवरून आणलेला आहे: दहा हजार फुटांखाली उजवा किंवा डावा, ज्याचा असेल त्याचा हात लिव्हरवरच. लिव्हर हलले नाहीत तर हाताला कळते, पडद्यावरचा मोड वाचायच्या आधी कळते.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर सीआरजे तुम्हाला हिशेब आणि हात देते, एमडी-८८ सारखे जुने विमान हाताला थांबायला लावते आणि पंखावर हात ठेवायला शिकवते, आणि ७५७ ताकद, वस्तुमान आणि यंत्राशी संवाद यांचा मेळ घालायला लावते. एकाचे दुसऱ्यावर आपोआप उतरत नाही. काही उतरते, काही मोडावे लागते.

विमानाबाहेरचा फरक मात्र विमानातल्या फरकाइतकाच मोठा आहे, आणि तुमच्या सहकाऱ्यांनी त्याचा उल्लेखही केलेला नाही. प्रादेशिक कंपनीत मी दिवसाला चार-पाच, कधी सहा सेक्टर उडवले. मोठ्या कंपनीत एक, दोन, फार तर तीन. उन्हाळ्यातल्या एका दुपारी आमच्या सीआरजेचे एपीयू (जमिनीवर वीज आणि गार हवा देणारे छोटे इंजिन) बंद होते, नियमाने तसे जाता येत होते, आणि त्या छोट्या विमानतळावरची गार हवेची गाडी दुसऱ्या विमानाला लागली होती. पन्नास माणसे आत घामाघूम, त्यांतल्या दोघींच्या मांडीवर बाळे. मी कंपनीला फोन लावला, तर पलीकडून वेळेची काळजी आली, गाडीची नाही. शेवटी मी प्रवाशांना उतरवले आणि पाऊण तास उशिराची नोंद माझ्या नावावर घेतली. मोठ्या कंपनीत असा प्रसंग मला एकदा आला तेव्हा मेंटेनन्स, डिस्पॅच आणि स्टेशन मॅनेजर या तिघांचे आवाज पाच मिनिटांत एका ओळीवर होते. यात लहान विमानाचा दोष नव्हता आणि मोठ्या विमानाचे कौतुकही नव्हते. पण सीआरजे 'अवघड' वाटण्यात या एकटेपणाचा वाटा किती, हे मला कंपनी बदलल्यावरच समजले. त्याची दुसरी बाजू अशी की त्या एकटेपणातच मी कॅप्टन म्हणून निर्णय घ्यायला शिकलो. आता वीसेक वर्षांच्या अनुभवी कॅप्टनशेजारी बसून ते शिकायला जास्त वर्षे लागली असती.

तेव्हा तुमच्या सहकाऱ्यांपैकी कोण खरे? पहिल्यांचे म्हणणे मला मान्य नाही. सीआरजे-२०० ला खेळणे म्हणणाऱ्याने ते जुलैच्या उन्हात, वादळाच्या रांगा चुकवत, भरलेले चढवून दाखवावे. दुसऱ्यांचे अर्धे मान्य आहे. हिशेब येतो म्हणून कुठलेही विमान सोपे जात नाही, माझा सिम्युलेटरमधला पाय त्याचा साक्षीदार आहे. आणि पसंतीचे म्हणाल तर विमानाकडे पाहून निवडू नका. ७५७/७६७ दोन्ही एकाच टाइप रेटिंगवर उडवता येतात, समुद्रापलीकडची उड्डाणे मिळण्याची शक्यता असते, हे आकर्षक आहे. पण तिथे नवा माणूस वर्षानुवर्षे राखीव यादीत, फोनच्या आवाजावर बसून राहू शकतो, आणि उतरण्याची संधी महिन्यात मोजकीच मिळते. ७३७ च्या मोठ्या ताफ्यात ज्येष्ठतेची शिडी बहुधा लवकर सरकते आणि सेक्टर जास्त मिळतात. तुमचे घर ज्या शहरात आहे तिथे ज्या विमानाचा तळ आहे, ते विमान मी तरी पहिले लिहीन. दुसऱ्या शहरात जाऊन-येऊन नोकरी मी चार वर्षे केली. त्या काळात घरातल्या वाढदिवसांचे फोटोच तेवढे मी पाहिले.

तुम्ही शेवटी विचारले आहे की वर्ग सुरू होईपर्यंत काय करावे. हाताशी महिनाभर आहे, तर सीआरजेवर जिथे हवामान आणि कॅप्टन परवानगी देतील तिथे ऑटोपायलट काढून उडवा, आणि तिनाचे गणित मनात न करता मोठ्याने बोलून करा, म्हणजे शेजारचा तुमची चूक पकडू शकेल. ७५७ मिळाले तर त्या कॉकपिटचे पूर्ण आकाराचे कागदी चित्र मिळते, ते घ्या. मी माझे स्वयंपाकघरातल्या भिंतीवर, खुर्चीत बसल्यावर डोळ्यांच्या पातळीला येईल असे चिकटवले होते, आणि रोज सकाळी चहा उकळेपर्यंत डोक्यावरच्या पॅनेलची उजळणी बोटाने, क्रमाने, डावीकडून उजवीकडे करत असे. दुसऱ्या आठवड्यात माझ्या मुलीला हायड्रॉलिक पंपांचा क्रम पाठ झाला होता. मला तिसऱ्या आठवड्यात झाला.